इस्त्र्या कुणी टांगल्या

या मायबापहो, असे जवळ सरका. मागे कुणी उभे असेल त्यालाही पुढे घ्या, मनात आणले की जागा होते. आज एक गोष्ट सांगायची आहे. ती राजाची नाही, राणीची नाही. एका दवाखान्याच्या लाँड्रीची आहे, दोन बहिणींची आहे, आणि ज्याच्यासाठी कुणी कधी टाळी वाजवली नाही अशा एका माणसाची आहे. ऐकताना राग आला तर येऊ द्या. देवाने माणसाला राग दिला तो काही नुसता घरच्यांवर काढण्यासाठी दिलेला नाही.

तर सकाळची वेळ. भाची दारात उभी, अंगात बाहेर जायचे कपडे, हातात एक कागद.

"मावशी, तुला नुसतं हो म्हणायचंय."

मावशी खिडकीपाशी बसून चहा फुंकत होती. तिला सगळे थोरली म्हणत. दवाखान्याच्या लाँड्रीत दोघी बहिणी एकाच दिवशी कामाला लागल्या, म्हणून ही थोरली आणि ती धाकटी. धाकटी जाऊन एक पिढी उलटली. जिच्यापेक्षा थोरली म्हणायचे तीच उरली नाही, तरी नाव चिकटले ते चिकटले. ही भाची म्हणजे धाकटीची मुलगी. मावशीनेच वाढवलेली, आता शाळेत शिकवते.

"वाच परत," थोरली म्हणाली.

भाचीने वाचले. नव्या सरकारने एक समिती नेमली होती. ज्या कप्तानाने उठाव करून देश सोडवला आणि मग मरेपर्यंत खुर्ची सोडली नाही, तो मुक्तिदाता होता की जुलमी, हे तिने ठरवायचे होते. समिती ठिकठिकाणी बसे, लोकांना बोलावून विचारी. आज पाळी टेकडीवरच्या दवाखान्याची होती. कागदात लिहिले होते की कप्तानाच्या हुकमावरून बॉयलरवाल्याने लाँड्रीच्या बॉयलरची शिट्टी बांधून ठेवली, त्यामुळे बॉयलर फुटला आणि धाकटी मेली. थोरलीने सगळ्यांसमोर म्हणायचे, होय, हे मी पाहिले.

"हुकूम त्यानं दिला नव्हता. आणि बांधणारा बॉयलरवाला वाफारे नव्हता. धाकटी मेली, तेवढं खरंय."

"मावशी, तो जुलमी होता की नाही?"

"होता."

"मग हुकूम त्याचाच होता म्हणायला आपलं काय जातं?"

"आपलं काही जात नाही. वाफारे जातो. एकदा गेलाय बिचारा, आता त्याला परत घालवायचा."

भाचीने कागद टेबलावर आपटला. तिचेही चुकत नव्हते. कप्तानाच्या माणसांविरुद्ध ती रस्त्यात उतरली होती, पोलिसांची काठी खाल्ली होती, थंडीत तो हात अजून वर जात नसे. आई तिला आठवतच नव्हती. समितीने कबूल केले होते की दवाखान्याच्या अंगणात दगड बसवू, जुलमाला बळी पडलेल्यांची नावे त्यावर कोरू, आणि पहिले नाव धाकटीचे. आईचा एक फोटो नाही घरात. निदान एका दगडावर तरी ती असावी, एवढे मागणाऱ्या पोरीला काय म्हणणार? पण साक्ष झाली तरच नाव. थोरलीने कप विसळून पालथा घातला आणि चपला शोधायला लागली.

आता कप्तान कोण ते सांगायला हवे. नाहीतर तुम्ही म्हणाल, माणूसच वाईट होता, वाईट वागला, त्यात गोष्ट ती काय. तसे नाही. हा दवाखाना खाणमालकांचा होता. फाटकावर पहारा असे. खाणीत राबणाऱ्याच्या बायकोला कळा सुरू झाल्या तर ती फाटकाबाहेर, भिंतीच्या सावलीत बाळंत होई. या दोघींची आई त्याच भिंतीशी गेली, पोटातले तिच्याबरोबर गेले, आणि आत खाटा रिकाम्या होत्या. पुढे उठाव झाला. कप्तान आपली माणसे घेऊन टेकडी चढून आला तेव्हा त्याने इथली पहिली गोळी कुणा माणसावर झाडली नाही, फाटकाच्या कुलपावर झाडली. म्हणाला, हे आता लागणार नाही. त्या दिवशी थोरली रडली तशी आईच्या वेळीही रडली नव्हती. दवाखाना फुकट झाला. टेकडीवर नळ आले. मोठ्या माणसांसाठी शाळा निघाल्या, तिथे थोरली सही करायला शिकली. घरात देवाच्या शेजारी कप्तानाचा फोटो लागला. देवापेक्षा जरा मोठाच, कारण फ्रेम तेवढीच मिळाली.

पण मायबापहो, माणसाला देवाशेजारी बसवले की एक होते. देवाला आपण गाऱ्हाणे सांगतो, त्याच्याशी भांडतो, चार शब्द टाकून बोलतो आणि तो ऐकून घेतो. या नव्या देवाला कुणी काही सांगेना. तो हसून विचारायचा, कसं काय चाललंय? सगळे म्हणायचे, झकास. एका मास्तरांनी एकदा सांगितले, साहेब, शाळेचं छप्पर गळतंय. मास्तर पुढे दिसले नाहीत. कप्तानाने घालवले की मधल्याच कुणी साहेबाने मर्जी राखायला परस्पर घालवले, ते कळले नाही. कळण्याची गरजही राहिली नाही. त्यानंतर कुणाचे छप्पर गळले नाही.

अशात बातमी आली की कप्तान दवाखाना बघायला येणार. दवाखान्याचे प्रमुख, ज्यांना सगळे मोठे डॉक्टर म्हणत, त्यांनी फर्मान काढले: प्रत्येक खाटेवर उकळलेली, कडक इस्त्रीची चादर हवी. लाँड्रीतला बॉयलर उजाडायच्या आत पेटला. तो सांभाळायचा वाफारे. हे त्याचे आडनाव नव्हे, लाँड्रीतल्या बायकांनी ठेवलेले नाव. हा माणूस सदा वाफेत, आणि बोलायचाही तसाच, निम्मे शब्द तोंडाबाहेर पडता पडता विरून जायचे. जेवलास का विचारले तर "हां... ते आपलं... बघू." धाकटी त्याची नक्कल करायची, आणि सगळ्यांत जास्त तोच हसायचा.

बॉयलरच्या डोक्यावर एक लोखंडी दांडी असते आणि दांडीला एक वजन. वाफ फाजील झाली की दांडी आपोआप उचलली जाते, वाफ बाहेर पडते आणि शिट्टी वाजते. साधी सोय आहे, जीव वाचवायची. त्या दिवशी भाषण होते लाँड्रीच्या भिंतीला लागून असलेल्या अंगणात. यंत्रांचा खडखडाट मधे नको म्हणून डॉक्टरांनी यंत्रे बंद करायला लावली. पण आग मात्र तशीच ठेवायला सांगितली, कारण भाषण संपले की कप्तान लाँड्रीत येणार आणि तेव्हा सगळे धडधडत चालू दिसले पाहिजे. यंत्रे बंद म्हटल्यावर वाफ जाणार कुठे? तिकडे भाषण रंगात आले, माणसे माना डोलवायला लागली, आणि इकडे शिट्टी वाजली. लांब, कर्कश.

लोक हसले. कप्तान थांबला. काही म्हणतात तोही हसला. काही म्हणतात त्याने नुसते भिंतीकडे पाहिले. मोठे डॉक्टर पांढरेफटक पडले आणि मागच्या दाराने लाँड्रीत पळत आले.

थोरली तिथेच होती, धुतलेल्या चादरींची पाटी उचलत. तिने पाहिले ते असे. डॉक्टर म्हणाले, शिट्टी बंद कर. वाफारे म्हणाला, आग ओढून काढतो. डॉक्टर म्हणाले, आगीला हात लावायचा नाही, शिट्टी बंद कर. तेव्हा ज्याचे निम्मे शब्द हवेत विरायचे तो माणूस स्वच्छ म्हणाला, "नाही. शिट्टी बांधायची नसते." डॉक्टरांनी पहाऱ्यावरच्या शिपायाला हाक मारली, वाफारेला दंडाला धरून बाहेर न्यायला लावले, आणि टेबलावरच्या जड लोखंडी इस्त्र्या उचलून आपल्या हातांनी त्या दांडीला टांगल्या. एक टांगली, भागले नाही. दुसरी टांगली. मग तिसरी. शिट्टी बसली. शिकलेला माणूस, आपण काय करतोय हे त्यांना कळत होते.

मग थोरलीवर ओरडले, बघतेस काय, चादरी वॉर्डात ने. निघताना तिने धाकटीला खुणावले, चल. धाकटी नवा गणवेश घालून यंत्रापाशी उभी होती. कप्तानाला यंत्र चालवून दाखवायला तिलाच निवडले होते. ती म्हणाली, "तू हो पुढं. मला त्यांना जवळून बघायचंय."

थोरली वॉर्डाच्या दारात पोचली आणि पाठीमागे टेकडी हलली.

भिंत पडली ती लाँड्रीच्या अंगावर पडली. अंगणात कुणाला खरचटलेही नाही. कप्तान सुखरूप. धाकटीला झाकायला चादरी कमी पडल्या नाहीत, एवढेच सांगतो.

दुसऱ्या दिवशी कप्तान घरी आला. बरोबरच्यांना बाहेर थांबवून एकटा आत आला, थोरलीसमोर जमिनीवर बसला. धाकटीचे तान्हे पोर रडत होते, त्याने ते मांडीवर घेतले. पोर त्याच्या कोटाच्या बटणाशी खेळत गप्प झाले. थोरलीने त्याला सगळे सांगितले. यंत्रे का थांबवली, आग का ठेवली, वाफारे काय म्हणाला, इस्त्र्या कुणी टांगल्या. त्याने एकदाही मधे तोडले नाही. त्या मास्तरांनंतर त्याला खरे सांगणारे कुणी भेटले असेल तर ते हेच. तिला वाटले, आता हा उठेल आणि न्याय करील. कुलूप फोडलेला माणूस होता तो.

तो उठला. जाता जाता काय म्हणाला ते पुढे येईल, तिच्या तोंडूनच ऐका. संध्याकाळी त्याच अंगणात त्याने जाहीर केले, हा घातपात आहे. बॉयलरवाला शत्रूला विकला गेला होता. लोकांनी मुठी उगारल्या. वाफारे शिपायांच्या ताब्यात होताच, तिथूनच त्याला पुढे नेले. तो परत आला नाही. त्याची टोपीसुद्धा परत आली नाही. एक अधिकारी थोरलीला गोड शब्दांत सांगून गेला की पोर लहान आहे, अनाथालयात फार चांगली व्यवस्था असते, तेव्हा दुःखाच्या भरात काही बोलत सुटू नका. त्या दिवसापासून पोरीसाठी सरकारी दूध दाराशी यायला लागले. थोरलीने देवाशेजारचा फोटो काढून चुलीत घातला. काच आधी काढून घेतली. काच पुढे कामाला आली.

आणि वाफारेची बायको? थोरली तिला वहिनी म्हणे. घातपात्याची बायको म्हणून तिला दवाखान्याच्या चाळीतून सामानासकट बाहेर काढले. तिने दवाखान्याच्या खालच्या गल्लीत एक खोली धरली, शिंप्यांकडून सदरे आणून काजे करायला लागली. शेजाऱ्यांना सांगायची, नवरा बोटीवर होता, बुडाला. आता म्हातारी झाली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सुईत दोरा ओवायला शेजारणीला हाक मारावी लागे. फुकट दवाखाना डोक्यावर उभा, डोळ्यांचे डॉक्टर आत बसलेले, पण ही चढून जाईना. थोरली कितीदा म्हणाली, चला, मी येते बरोबर. तिचे उत्तर एकच. "फाटकावर विचारतात, कोण तुम्ही, कुणाच्या. काय सांगू? बोटीवाल्याची? तिथं तो जन्मभर राबला हो. तिथं उभं राहून मी त्याला बुडवायचा? आणि खरं सांगितलं तर थुंकतील."

आता सांगा. जुन्या सरकारने म्हटले, वाफारे शत्रूचा हस्तक. नवे सरकार म्हणत होते, वाफारे कप्तानाचा हस्तक. सरकार उलटेपालटे झाले, झेंडा बदलला, नोटा बदलल्या, आणि हा गरीब माणूस दोन्हीकडून गुन्हेगारच. त्या सकाळी थोरलीला हवे होते ते इतकेच: भर सभेत त्याचे नाव धुऊन निघावे आणि त्या बाईला फाटकातून आत जाता यावे. दगडबिगड नंतर.

जिन्यात पलटणकाका भेटले. हे खालच्या मजल्यावरचे, कप्तानाच्या पलटणीत होते, अजून कोटाला बिल्ला लावून बसायचे. त्यांनी वाट अडवली. म्हणाले, थोरले, हे लोक त्यांच्या नावाने वाटेल ते खपवतायत, तू तरी सांग, हुकूम त्यांनी नव्हता दिला.

"नव्हताच दिला. सांगणार आहे मी."

काकांचा चेहरा फुलला. आशीर्वाद द्यायला हात वर गेला.

"त्याच्या पुढचंही सांगणार आहे. तेवढं ऐकून उठा, मधे पळू नका," थोरली म्हणाली आणि जिना उतरली.

दवाखान्याच्या अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. माणसे मावेनात म्हणून फाटकापर्यंत लाउडस्पीकर लावले होते. पहिल्या रांगेत मोठे डॉक्टर बसले होते, छातीला पांढरे फूल. पुढे कप्तानाची मर्जी फिरली तेव्हा तेही तुरुंगात गेले, तिथे दात गमावले, बोटे वाकडी झाली. हे खरे आहे आणि तेही सांगायलाच हवे. आता ते जुलमाचे बळी होते, आणि समितीचा कागद त्यांच्याच जबानीवरून तयार झाला होता. थोरली जवळून जाताना ते हळूच म्हणाले, "थोरले, आपण दोघं एकाच आगीत भाजलोय."

"भाजली धाकटी, डॉक्टर. तुम्हाला धग लागली."

समितीच्या अध्यक्षा बाई शांत होत्या, मऊ बोलायच्या. त्यांनी थोरलीला खुर्ची दिली, पाणी दिले, माईक तिच्या तोंडाशी आणायला लावला, कागद वाचून दाखवला आणि विचारले, हे खरे आहे ना?

"नाही."

तो शब्द लाउडस्पीकरमधून फाटकापर्यंत गेला आणि गल्लीत उतरला. बाईंनी चष्मा काढून पुसला. भाची समितीच्या मदतीला म्हणून टेबलामागे बसली होती, तिने मान खाली घातली.

थोरली सांगायला लागली. तुम्ही ऐकलेत तेच, त्याच क्रमाने. इस्त्र्यांपाशी आली तेव्हा तिने बोट केले नाही, नुसती मान वळवून पहिल्या रांगेकडे पाहिले, आणि सगळ्या सभेने पाहिले. डॉक्टर उठून उभे राहिले. वाटले, नाकारणार. पण ते म्हणाले, "मी घाबरलो होतो."

"ठाऊक आहे मला," थोरली म्हणाली. "आम्ही सगळेच घाबरलो होतो. मी काय कमी घाबरले? वाफारे तर लटपटत होता. तरी तो नाही म्हणाला. तुम्ही घाबरलात त्याचा मला राग नाही, डॉक्टर. आज कसली भीती आहे? कप्तान मेला. तुमच्या छातीला फूल लागलं. तरी तुम्ही कागदावर त्याचंच नाव घातलंत. आज कुणी सांगितलं होतं?"

डॉक्टर बसले. बसताना खुर्ची चाचपावी लागली.

अध्यक्षाबाई घाईने म्हणाल्या, आजी, तुमच्या भावना समजतात, पण समिती डॉक्टरांची चौकशी करायला बसलेली नाही, विषयाला धरून बोला. मागून कुणी तरी ओरडले, ही जुन्यांची बाई आहे. दुसरीकडून पलटणकाकांची माणसे टाळ्या पिटायला लागली, बघा, साहेब निर्दोष. गोंधळ वाढला तसा टेबलावरच्या कारकुनाने बटण दाबले आणि माईक मेला.

त्याला काय माहीत, लाँड्रीतली बाई म्हणजे काय ते. जन्मभर यंत्रांच्या खडखडाटावरून हाका मारलेल्या. थोरली उभी राहिली आणि बोलली, आणि भिंतीवरची कबुतरे उडाली.

"गप बसा सगळे. तुम्ही पण, टाळ्या नका वाजवू. निर्दोष? तुमच्या साहेबाला मी माझ्या घरात, माझ्यासमोर बसवून सगळं सांगितलं. मांडीवर कोण होतं? ही. ही माझी पोर. हिच्या डोक्यावरून हात फिरवत तो काय म्हणाला, विचारा ना मला."

कुणी विचारले नाही. भाचीने मान वर केली होती. हे तिलाही आजवर सांगितलेले नव्हते.

"म्हणाला, ताई, अपघातानं माणसं खचतात. शत्रू असला की उभी राहतात." थोरलीने श्वास घेतला. "आणि गेला. आणि वाफारेला शत्रू केला. माहीत असताना. माझ्या बहिणीचं मढं घरात असताना."

अध्यक्षाबाईंना आता आपला विषय सापडला. त्या पुढे झुकल्या. "म्हणजे कप्तान जुलमी होते, असं तुमचं म्हणणं. हो की नाही, एवढंच सांगा."

"हो. लिहा. ठळक लिहा. पण कशासाठी तेही लिहा. शिट्टी वाजली म्हणून त्यानं कुणाला मारलं असतं का? मला नाही ठाऊक. कदाचित हसून सोडलं असतं. कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून तर इस्त्र्या टांगल्या. ज्याच्यासमोर हे ठाऊक नसतं, तो जुलमी. आमच्या आईला ज्या फाटकानं आत घेतलं नाही ते त्यानं फोडलं, ते मी विसरले नाही, तेही लिहा. आणि हेही लिहा की माझ्या बहिणीला त्यानं एकट्यानं मारलं नाही. सगळा दोष त्याच्या थडग्यावर टाकून हात धुवायचे असतील, तर त्या पाण्यात वाफारेला बुडवू नका. तो चांगला माणूस होता. तो नाही म्हणाला होता."

तिने पाण्याचा पेला उचलला, प्यायली, जागच्या जागी ठेवला.

पुढे समितीचे काय झाले ते इथेच उरकून टाकतो, गोष्टीचा शेवट त्यांच्या वाट्याला जायला नको. अहवालात कप्तान जुलमी ठरला. ठरायलाच हवा होता. पण लाँड्रीचे प्रकरण त्यात आले नाही. म्हणाले, साक्षी एकमेकींशी जुळत नाहीत. मोठ्या डॉक्टरांना कुणी काही विचारले नाही. दगड बसवायची वेळ आली तेव्हा समितीकडून निरोप आला की धाकटीचे नाव घालू, बॉयलरवाल्याचे नको. भाचीनेच उलटा निरोप धाडला: मग माझ्या आईचंही नको. तो दगड आहे अजून अंगणात. चांगला गुळगुळीत आहे.

त्या दिवशी मात्र थोरली पेला ठेवून वळली आणि तिला माणसांच्या डोक्यांवरून फाटक दिसले. फाटकाचे गज धरून बाहेर वहिनी उभी होती. येणार नाही म्हणाली होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. गल्लीत लाउडस्पीकर ऐकू आला असेल, आणि तो बंद पडल्यावर ऐकायला वर चढून आली असेल.

थोरली खुर्च्यांमधून वाट काढत निघाली. मागोमाग भाची. त्या पोचायच्या आतच वहिनीने गज सोडले आणि ती आत आली. फाटकावरचा पोरगेला रखवालदार, नव्यानेच लागलेला, आत्ताच पाळी बदलून आलेला, त्याने सवयीने विचारले, "आजी, कोण तुम्ही? कुणाच्या घरच्या?"

वहिनीने पदर नीट केला. तिला त्याचा चेहरा दिसत नव्हता, नुसता उजेडात एक डाग दिसत असणार. त्या डागाकडे तोंड करून, मान ताठ ठेवून, शब्द न चावता ती म्हणाली, "बॉयलरवाल्याची बायको."

आणि तशीच उभी राहिली. जे काय येईल ते अंगावर घ्यायला.

रखवालदाराने डोके खाजवले. "बॉयलर? इथं कुठाय बॉयलर? चादरी तर गाडीनं बाहेर जातात धुवायला." मग तिच्या डोळ्यांकडे बघून त्याचा आवाज नरम झाला. "डोळ्यांचं ना? उजवीकडनं सरळ जा. रांग आहे थोडी."

एवढेच. त्याला कुणी काही सांगितलेलेच नव्हते. सारा जन्म ज्या दाराला तिने धक्का द्यायचे टाळले, ते नुसते उघडे होते. आणि ज्याच्यासाठी टाळले तो या फाटकावर कुणाला ठाऊकच नव्हता. वहिनी जागची हलेना. थोरलीने तिचा हात धरला. भाचीने दुसऱ्या बाजूने धरला, आपल्या त्या दुखऱ्या हाताने. तिघी उजवीकडे वळल्या आणि रांगेत शेवटी उभ्या राहिल्या.

मायबापहो, माझे मागणे मोठे नाही. कप्तानाला लोक आठवतीलच, शिव्या द्यायला का होईना. तुम्ही देवापुढे बसाल तेव्हा आपली माणसे आठवून झाली की क्षणभर त्या बॉयलरवाल्याला आठवा.